चार किलो शंभर

"जन्माच्या वेळी तुमचं वजन किती होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट हातात धरून बसले होते. आकडा सात पूर्णांक एक, म्हणजे मधुमेह. वय त्रेचाळीस. झोप किती, चालणं किती, गोड किती, घरात आणखी कुणाला आहे का, या प्रश्नांची उत्तरं मी वाटेतच जुळवून ठेवली होती, त्यात थोडी बनवाबनवीही. पण जन्माच्या वेळचं वजन? ते कुणाला पाठ असतं? "आईला विचारून सांगते," म्हटलं आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं, की आपल्या शरीराबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर आपण दुसऱ्याला विचारून सांगणार आहोत.

आईला मात्र ते पाठ होतं. कपाटातली प्लास्टिकची फाइल काढून, तिच्या पोटातली आणखी एक प्लास्टिकची पिशवी उघडून तिनं माझ्यापुढे एक कार्ड ठेवलं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. निळ्या शाईत वजन लिहिलेलं: ४.१ किलो. "चार किलो शंभर!" आई म्हणाली. "अख्ख्या वॉर्डात तुझ्याएवढं बाळ नव्हतं. नर्स तुला उचलून सगळ्यांना दाखवत फिरली होती." चाळीस वर्षांनंतरही तिच्या आवाजात तो तोरा होता. दादा तिच्या आधीच्या बाळंतपणाचा, तो दोन किलो आठशे. त्याचं वजन तिनं सांगितलं ते जरा घाईनं, पुढच्या ओळीवर जायचं असल्यासारखं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, "तेव्हा तुझी साखर तपासली होती का गं?" रक्तातली नाही, पण सातव्या महिन्यात लघवीत थोडी दिसली होती, गोड कमी करा म्हणाले होते, असं ती म्हणाली. बाळंतपणानंतर सगळं ठीक झालं असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढे नऊ वर्षांनी तिला मधुमेह निघाला. मग डॉक्टरांनी मला हा प्रश्न का विचारला असावा, ते मी तिला समजावून सांगायला लागले. अर्ध्या वाक्यात तिचा चेहरा बदलला. कार्डाची घडी घालता घालता ती म्हणाली, "म्हणजे तुला हे माझ्यामुळे झालं का?"

"छे गं," मी म्हटलं.

असं विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? पण ते 'छे गं' धड खरं नव्हतं आणि धड खोटंही नव्हतं, आणि त्याची टोचणी मला गेले काही महिने आहे. हा लेख म्हणजे तेव्हा गिळलेलं उत्तर आहे, असं समजा.

वारेपासून सुरुवात करते, कारण सगळा व्यवहार तिथे चालतो. वार म्हणजे आई आणि बाळ यांच्यामधलं नाकं. रक्त एकमेकांत मिसळत नाही, पण काय सोडायचं आणि काय अडवायचं हे तिथे ठरतं. ग्लुकोज सरळ पलीकडे जातं. आईच्या रक्तात जास्त असेल, तर बाळाकडेही जास्त. पण त्या ग्लुकोजचा बंदोबस्त करणारं आईचं इन्शुलिन मात्र पलीकडे जात नाही. माल पोचतो, तो उतरवून घेणारा माणूस पोचत नाही. मग बाळाला स्वतःचं स्वादुपिंड कामाला लावावं लागतं. पहिले तीन महिने सरता सरता ते इन्शुलिन तयार करू लागलेलं असतं, आणि साखर जास्त येत राहिली की तेही जास्त करत राहतं. गर्भात इन्शुलिन हे वाढीचं संप्रेरक आहे. त्यामुळे बाळ भरतं, मुख्यतः चरबीनं. डेन्मार्कचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात ही साखळी मांडली. आईची साखर, बाळाची साखर, बाळाचं इन्शुलिन, बाळाचं वजन. आज सत्तर वर्षांनीही तिचा कणा तोच आहे.

म्हणजे वॉर्डभर मिरवलेले माझे ते चार किलो शंभर हे बाळसं होतं, की जन्माआधीच जादा पाळी करणाऱ्या एका इवल्या स्वादुपिंडाची पावती?

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी, कारण ती कुणी सांगत नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धात प्रत्येक बाईचं शरीर इन्शुलिनला थोडं दाद देईनासं होतं. वारेतून येणारी संप्रेरकंच ते घडवून आणतात. आईच्या स्नायूंनी साखर कमी उचलावी, म्हणजे बाळाला ती जास्त मिळेल, अशी ती सोय आहे. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड या काळात इन्शुलिन वाढवून तोल सांभाळतं. ज्यांच्या स्वादुपिंडाला तेवढा जोर लावता येत नाही, त्यांची साखर चढते. त्याला आपण गर्भावस्थेतला मधुमेह म्हणतो. म्हणजे हा आजार बाहेरून आलेला नसतो. शरीर किती ताण पेलू शकतं याची ती परीक्षा असते, आणि कुणाच्या स्वादुपिंडात जोर किती, हे बरंच आधी ठरलेलं असतं. किती आधी, त्याकडे येते.

ही परीक्षा मीही दिली आहे, आणि नापास झाले आहे. मुलीच्या वेळी, सहाव्या महिन्यात. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून दिलेला तो ग्लास अजून आठवतो. तळाशी न विरघळलेल्या साखरेचा थर, वर फेस, आणि "पाच मिनिटांत संपवा, उलटी झाली तर परत यावं लागेल" ही सूचना. उपाशीपोटी एकदा, तासानं एकदा, दोन तासांनी एकदा रक्त. बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या मर्यादा आहेत ९२, १८० आणि १५३. तिन्हींपैकी एक जरी ओलांडली तरी शिक्का बसतो. माझ्या दोन ओलांडल्या.

या मर्यादा आल्या त्या एका मोठ्या अभ्यासातून. नऊ देशांमधल्या सुमारे पंचवीस हजार गरोदर बायकांची अशीच चाचणी केली, आणि २००८ साली निष्कर्ष छापले. त्यात एक गोष्ट दिसली, जी मला शिक्क्यापेक्षा महत्त्वाची वाटते. आईची साखर जसजशी वाढत जाते, तसतसं बाळाचं वजन, त्याची चरबी, त्याच्या नाळेच्या रक्तातलं इन्शुलिन वाढत जातं, आणि या चढणीवर कुठेही पायरी नाही. ९१ म्हणजे सुरक्षित आणि ९३ म्हणजे संकट, असं काही नाही. रेघ आपण आखली आहे, कारण कुठेतरी आखावी लागते. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर दोन आकड्यांवरून मी रात्र-रात्र जागले नसते.

आता दादाबद्दल. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, माझ्याइतकाच बैठ्या कामाचा, खाण्यात माझ्यापेक्षा सैल. त्याचे रिपोर्ट स्वच्छ. आई-बाप तेच, घर तेच, ताट तेच. दोन माणसांवरून विज्ञान होत नाही हे मला कळतं. पण हाच प्रश्न नीट विचारलेला एक अभ्यास आहे, आणि तो वाचताना मी खुर्चीत ताठ बसले होते.

अमेरिकेत अॅरिझोनामध्ये पिमा नावाचा आदिवासी समाज राहतो. टाइप टू मधुमेहाचं तिथलं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक, म्हणून १९६५पासून तिथल्या कुटुंबांच्या वर्षानुवर्षं तपासण्या झाल्या. त्या नोंदींमधून संशोधकांनी अशी घरं वेगळी काढली, जिथे एकाच आईची काही मुलं तिला मधुमेह होण्याआधी जन्मली आणि काही नंतर. सख्खी भावंडं, जनुकांचा पत्ता तोच, घर तेच. फरक एवढाच, की एकाच्या वेळी आईच्या रक्तात साखर जास्त होती आणि एकाच्या वेळी नव्हती. २००० साली छापलेला निष्कर्ष असा, की नंतर जन्मलेल्या भावंडांना मधुमेह होण्याची शक्यता आधीच्यांपेक्षा साडेतीन पटींहून जास्त, आणि त्यांची वजनंही जास्त. मग त्यांनी बापाच्या बाबतीत तेच करून पाहिलं. बापाला मधुमेह होण्याआधीची मुलं, आणि नंतरची. तिथे असा फरक दिसला नाही. म्हणजे जनुकांपलीकडचं काहीतरी त्या नऊ महिन्यांत घडत होतं.

हे वाचून आईला काय सांगू? 'छे गं'चा पाया इथे खचतो.

पण गोष्ट इथेच संपली असती तर ती फार सोपी झाली असती. जास्त साखर, जास्त वजन, पुढे मधुमेह. गंमत अशी, की या विषयाची सुरुवातच बरोबर उलट्या टोकाकडून झाली, हलक्या बाळांपासून.

डेव्हिड बार्कर हे इंग्लंडमधले साथरोगतज्ज्ञ. हृदयविकार म्हणजे खात्यापित्या घरचा आजार, असं तेव्हा सगळे म्हणत. बार्कर यांना नकाशावर दिसत होतं, की हृदयविकारानं जास्त माणसं दगावतात ती गरीब भागांत. त्यांनी १९२१ ते १९२५ या काळातल्या बालमृत्यूंचा नकाशा घेतला आणि १९६८ ते १९७८ या काळातल्या हृदयविकारानं झालेल्या मृत्यूंचा. दोन्ही एकावर एक बसले. जिथे पूर्वी तान्ही बाळं जास्त दगावत होती, तिथेच त्या बाळांपैकी जगलेली माणसं पन्नास वर्षांनी हृदयविकारानं जात होती. हे १९८६ साली छापून आलं. मग शोध सुरू झाला जुन्या वह्यांचा. हर्टफर्डशर या परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्य अधिकारी बाईंनी १९११पासून सुइणी आणि आरोग्यसेविकांना शिस्त लावली होती. प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन लिहायचं, वर्षाचं झाल्यावर पुन्हा घरी जाऊन तोलायचं, अंगावर पितं की बाटलीवर, दात किती आले, तेही टिपायचं. शाईनं, मोठ्या खतावण्यांमध्ये. त्या वह्या टिकल्या. त्यांच्या आधारानं १९११ ते १९३० या काळात जन्मलेले ५,६५४ पुरुष शोधले, आणि कोण कशानं गेलं ते पाहिलं. जन्मताना आणि वर्षाचे असताना जे सर्वांत हलके भरले होते, त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत जास्त होते. पुढे त्याच परगण्यातल्या हयात पुरुषांची साखर तपासली, तेव्हा हलक्या जन्मलेल्यांमध्ये मधुमेहही जास्त निघाला.

त्या सुइणींचा विचार माझ्या मनातून जात नाही. पावसात, थंडीत, खांद्यावर ताणकाटा घेऊन घरोघर जाणाऱ्या बायका. आपण साठ-सत्तर वर्षांनंतरच्या एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवतो आहोत, हे त्यांना कसं कळावं?

१९९२ साली बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी यामागची कल्पना मांडली. मराठीत तिला काटकसरीचं शरीर म्हणता येईल. पोटात असताना अन्न कमी पडलं, तर गर्भ हात आखडता घेतो. मेंदूला कमी पडू देत नाही, बाकीच्यांच्या वाट्याला कात्री लावतो. स्वादुपिंडात इन्शुलिन करणाऱ्या पेशी कमी, स्नायू कमी, मूत्रपिंडातल्या गाळण्या कमी. या गाळण्यांचं एक विशेष आहे. त्यांची संख्या जन्माच्या आसपास कायमची ठरते, नंतर नवी एकही भर पडत नाही. आयुष्यभर तेवढ्याच भांडवलावर संसार. तंगीतच दिवस काढायचे असते तर हे शरीर नीट निभावलं असतं. पण तंगीसाठी बांधलेल्या घरात सुबत्ता घुसली, की भिंतींना तडे जातात.

इतिहासानं याची एक क्रूर तपासणी करून ठेवली आहे. १९४४च्या सप्टेंबरात नेदरलँड्समध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, आणि जर्मन सत्तेनं देशाच्या पश्चिम भागात जाणारं अन्न अडवलं. नोव्हेंबरअखेर माणशी शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला, पुढच्या महिन्यांत चारशे ते आठशेच्या दरम्यान. १९४५च्या मेमध्ये सुटका झाली आणि अन्न झपाट्यानं परत आलं. दुष्काळाला अशी सुरुवातीची आणि शेवटाची तारीख सहसा नसते. इथे होती, आणि दवाखान्यांतल्या बाळंतपणाच्या नोंदी शाबूत होत्या. त्यामुळे कोणतं मूल पोटात असताना कोणत्या महिन्यात उपासमार झाली, हे सांगता आलं. ती मुलं पन्नाशीला पोचली तेव्हा त्यांना तोच ग्लुकोजचा ग्लास प्यायला दिला. ज्यांच्या वाट्याला गर्भावस्थेच्या मधल्या किंवा शेवटच्या महिन्यांत उपासमार आली होती, त्यांची दोन तासांनंतरची साखर इतरांपेक्षा जास्त होती.

आणि ज्यांनी ती सुरुवातीच्या महिन्यांत सोसली, त्यांच्या आयांना पुढे अन्न मिळालं, बाळं चांगल्या वजनाची जन्मली. कार्डावर पाहिलं असतं तर सगळं छान. पण पुढे त्यांच्यात हृदयविकार जास्त, रक्तातल्या चरबीचा बिघाड जास्त. या एका निरीक्षणानं माझ्या हातातल्या कार्डाची किंमत एकदम कमी झाली. जन्माचं वजन म्हणजे वर्षभराचा अभ्यास न बघता फक्त शेवटच्या पेपरचे गुण पाहण्यासारखं आहे.

ही खूण शरीरात राहते तरी कशी? इथे 'एपिजेनेटिक्स' हा शब्द येतो, आणि हल्ली तो कशावरही चिकटवला जातो, म्हणून जरा जपून. जनुकं म्हणजे छापलेलं पुस्तक धरलं, तर ही पेन्सिलची खूण आहे. 'हे मोठ्यानं वाचा', 'हे वगळा'. मजकूर बदलत नाही, वाचन बदलतं. त्यातली एक खूण म्हणजे डीएनएवर बसणारे मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे. उंदरांची एक जात आहे, अगुती नावाचं जनुक सतत चालू राहिलं की पिवळी होणारी. पिवळी, लठ्ठ आणि मधुमेही. २००३ साली रॅंडी जर्टल आणि रॉबर्ट वॉटरलँड यांनी या जातीच्या गरोदर माद्यांच्या खाण्यात फोलिक अॅसिड, बी-१२, कोलीन वगैरे, या मिथाइल खुणा करायला लागणारे घटक वाढवून दिले, आणि पिल्लांमध्ये तपकिरी रंगाची पिल्लं वाढली. जनुक तेच, अंगावरचा कोट वेगळा. माणसांत इतकं रंगीबेरंगी काही होत नाही. नेदरलँड्समधल्या त्या हिवाळ्यात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात साठ वर्षांनी वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. फरक लहान होता. पण साठ वर्षं पुसला गेला नव्हता.

आता लेनिनग्राड, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं वेढलेलं रशियन शहर. वेढा याहून कितीतरी मोठा, उपासमार याहून भयंकर. पण तिथे गर्भावस्थेत वेढा सोसलेल्यांची मोठेपणी तपासणी केली, तेव्हा साखरेत फरक सापडला नाही. असं का? एक उत्तर दिलं जातं, की तिथे वेढा उठल्यावरही सुबत्ता लगेच आली नाही. काटकसरीच्या शरीराला काटकसरीचंच जग मिळालं, म्हणून बिघाड झाला नाही. मला हे उत्तर आवडतं, आणि आवडतं म्हणूनच त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा मला धीर होत नाही. फार सुबक आहे ते.

मला जास्त पटतो तो अलीकडचा एक अभ्यास, कारण त्यात उपासमार नाही, युद्धाची भीषणता नाही, फक्त साखर आहे. ब्रिटनमध्ये युद्धकाळात सुरू झालेलं साखरेचं रेशनिंग १९५३च्या सप्टेंबरात उठलं, आणि माणशी साखर थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाली. बाकीचा आहार फारसा बदलला नाही. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्यांची पन्नाशी-साठीतली प्रकृती २०२४ साली ताडून पाहिली. ज्यांचे पोटातले दिवस आणि पहिली दोनेक वर्षं रेशनिंगमध्ये गेली, त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी, आणि ज्यांना झाला त्यांनाही चारेक वर्षं उशिरा. यातला साधारण तिसरा हिस्सा केवळ पोटातल्या महिन्यांचा. कुणी कुणाला उपदेश केला नव्हता. कुठल्याही बाईनं वही ठेवली नव्हती. बाजारात साखर कमी होती, एवढंच.

वही मी ठेवली होती. तिच्याबद्दल बोलायचं मी टाळत होते.

मुलीच्या वेळी दिवसातून चार वेळा बोट टोचून आकडे लिहायचे होते. डावीकडे तारीख, मग उपाशीपोटी, मग तीन जेवणांनंतरचे. हिरवा पेन म्हणजे ठीक, लाल म्हणजे चूक. ही रंगांची कल्पना माझीच, स्वतःला छळायची. एका पानावर सलग पाच लाल आकडे आहेत आणि त्यांच्या शेजारी पाण्याचा डाग आहे. तो पाण्याचा नाही. त्याच आठवड्यात एका आहारतज्ज्ञ बाईंनी वही चाळून म्हटलं होतं, "बाळासाठी एवढंही जमत नाही?" बरोबर चार शब्दांची सुई होती ती. सकाळी उठल्याबरोबरची साखर रात्रभर यकृतानं सोडलेल्या ग्लुकोजवर ठरते, तिच्यावर माझ्या मनोनिग्रहाचा फारसा ताबा नाही, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. शेवटी इन्शुलिन सुरू केलं आणि सकाळचे आकडे आठवड्यात हिरवे झाले. म्हणजे तोवर कमी पडत होतं ते इन्शुलिन. माया नव्हे.

वर्षांनंतर वाचलं त्यातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट ही. गर्भावस्थेतल्या मधुमेहावर उपचार केल्यानं त्या बाळंतपणात फायदा होतो, अवाजवी वजनाची बाळं कमी होतात, हे चांगल्या चाचण्यांमध्ये सिद्ध झालं आहे. पण त्यांपैकी ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीतली मुलं चार-पाच वर्षांची झाल्यावर पाहिली, तर उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांच्या मुलांच्या वजनात फरक उरला नव्हता. म्हणजे माझी लाल-हिरवी वही बाळंतपणात अडकू शकणाऱ्या मुलीच्या खांद्यासाठी, जन्मवाटेसाठी, पहिल्या दिवसातल्या तिच्या साखरेसाठी नक्की कामाची होती. तिच्या चाळिशीसाठी किती होती, हे ती वही सांगू शकत नाही. सहाव्या महिन्यात तपासून सातव्यात उपाय सुरू करणं, ही कदाचित उशिराची घाई आहे. अवयवांची मांडामांड पहिल्या आठवड्यांत होते, जेव्हा बाईला दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. म्हणून आता संशोधक गर्भधारणेच्या आधीच्या काळाबद्दल बोलतात. बाई आई व्हायच्या आधी जी कुणी असते, तिच्या प्रकृतीबद्दल.

२०१४ साली काही अभ्यासकांनी 'नेचर'मध्ये जाहीरपणे सांगितलं, की या विज्ञानाच्या बातम्या करताना आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. ते लिहावं लागलं यातच सगळं आलं. शिवाय बापाचा वाटा आपोआप वगळला जातो. इंग्लंडमधल्या एक्झेटरचे डॉक्टर अँड्र्यू हॅटर्सली यांनी १९९९ साली अशी मांडणी केली होती, की इन्शुलिन कमी करणारी जनुकं मुळात बाळालाही हलकं करू शकतात आणि पुढे मधुमेहही देऊ शकतात. आणि ती जनुकं बापाकडूनही येतात. माझ्या बाबांच्या आईला साखर होती, हे डॉक्टरांना सांगायचं मी साफ विसरले होते. बाबांनी कधी विचारलं नाही, "माझ्यामुळे का?"

मग महिनाभरानं मी आईला उलटा प्रश्न विचारला. "तुझं वजन किती होतं गं जन्मताना?"

ती हसली. "आम्हाला कोण तोलत बसलं होतं? पाचवी मुलगी मी."

तिचं लहानपण पोटभर जेवणाचं नव्हतं. तिच्या आईचं तर नव्हतंच. आई उंचीनं लहान, हातापायांनी काटकुळी, आणि पोटाला मात्र चरबी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकात आसपासच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांना दिसलं, की तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नाही. हाडं, स्नायू कमी, चरबी राखलेली. दिसायला रोड, आतून लठ्ठ. याज्ञिकांचा स्वतःबद्दलचा एक फोटो प्रसिद्ध आहे. जॉन युडकिन नावाच्या ब्रिटिश सहकाऱ्याशेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

तो फोटो पाहताना माझ्या डोक्यात दोन धागे एकदम जुळले. मी इतके दिवस हलकी बाळं आणि जड बाळं असे दोन वेगळे कप्पे करून वाचत होते. एक उपासमारीचा, एक सुबत्तेचा. पण एका अपुऱ्या पोषणाच्या पोटी जन्मलेली बारीकशी मुलगी, स्वादुपिंडाचं भांडवल जेमतेम, मोठी होते, तिला बरे दिवस येतात, दिवस जातात, आणि सातव्या महिन्यात शरीर जास्तीचं इन्शुलिन मागतं. ते कुठून आणायचं? साखर चढते, आणि तिला चार किलो शंभरची मुलगी होते. दोन टोकं नाहीत ही. मायलेकी आहेत.

आणि धागा त्याच्याही मागे जातो. मुलीच्या गर्भाच्या अंडाशयात तिची सगळी बीजांडं जन्माआधीच तयार होतात, पाचव्या महिन्याच्या सुमाराला साठ-सत्तर लाख, नंतर फक्त कमी होत जातात. म्हणजे मी ज्यापासून झाले ते बीजांड माझ्या आजीच्या पोटात घडलं, आजीच्या भुकेत. आणि माझ्या लेकीचं घडलं ते आईच्या त्या साखरेत, मी तिथे असताना. आम्ही चौघी कधी एका खोलीत आलो नाही, आजी लवकर गेली. पण एकीच्या आत एक अशा आम्ही कधीपासून होतो.

हे मी आईला सांगितलं. सगळं नाही, बीजांडाचं आणि तिच्या आईच्या भुकेचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईला खूप चक्कर यायची म्हणे माझ्या वेळी. कुणी विचारलं असेल असं वाटत नाही."

फाइल परत आवरताना कार्ड पुन्हा माझ्या हातात आलं, आणि या वेळी मी ते उलटून पाहिलं. मागच्या बाजूला एक छापील तक्ता होता. पाचवा महिना, सहावा, सातवा, आठवा, नववा. प्रत्येकापुढे तारीख, आणि तारखेपुढे एक रकाना, 'मातेचे वजन'. तारखा पाचही लिहिलेल्या होत्या, त्याच निळ्या शाईत. वजनाचे पाचही रकाने कोरे होते.